हरशरण कौर यांच्या ओंजळीतला घास

डॉक्टर हरशरण कौर यांच्याइतकं घाबरट माणूस मी जन्मात पाहिलं नाही. आज लोक त्यांचं नाव मोठ्या मानानं घेतात. घ्यावंच. पण सव्वीस वर्षं त्यांची जीप मी चालवली आहे, त्यामुळे मला माहीत. समोरून ट्रक आला की बाई डोळे गच्च मिटून 'वाहेगुरू, वाहेगुरू' करायच्या. मी म्हणायचो, "बीबीजी, डोळे मिटून ट्रक काही लहान होत नाही." त्या मला भाऊ मानून म्हणायच्या, "तुम्ही उघडे ठेवा म्हणजे झालं, वीरजी."

लुधियान्याच्या एका मोठ्या इस्पितळात त्या लहान मुलांच्या पोटाच्या दुखण्यावर संशोधन करत. आमच्याकडे त्या काळी सोकडा म्हणत. पोर चांगलं रांगायला लागायचं, पोळी कुस्करून खायला लागायचं, आणि मग जुलाब सुरू. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. गावोगाव अशी पोरं. कुणी दृष्ट म्हणायचं, कुणी दाताचं म्हणायचं. बीबीजी म्हणायच्या, काही पोरांना कणीकच सोसत नाही. आता पंजाबात हे सांगायचं म्हणजे कमालच. नवं बियाणं आलेलं, घरोघर गव्हाची पोती आढ्याला टेकलेली. लोक हसायचे.

तपासायला त्यांच्याकडे बोराएवढी एक धातूची कुपी होती, लांब नळीच्या टोकाला बसवलेली. ती पोरानं गिळायची, आतड्यात पोचली की ती आतल्या आत कातडीचा कण कापून घ्यायची. आया ते बघूनच पोरं उचलून पळायच्या. म्हणून एकदा बीबीजींनी सगळ्या गावासमोर स्वतःच कुपी गिळली. घामानं थबथबलेल्या, तोंडातून नळी लोंबतेय. एक म्हातारी ओरडली, "अगं बघा, डॉक्टरीण गळाला लागली!" बायका इतक्या हसल्या की त्या दिवशी चार पोरांची तपासणी झाली.

एवढं घाबरणाऱ्या बाईनं हे काम का घेतलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. पंक्चर काढायला थांबलो होतो. त्या नऊ वर्षांच्या असताना त्यांचा धाकटा भाऊ सोकड्यानं गेला. आई शेतावर, म्हणून त्याला भरवायचं काम यांचं. तूप-साखर घालून पोळीची चुरी करायच्या आणि 'खा रे, खा, बरा होशील' म्हणून बळंच भरवायच्या. शिकून डॉक्टर झाल्यावर त्यांना कळलं, आपण काय भरवत होतो ते. "मला अजून माझ्या हातांची भीती वाटते, वीरजी," एवढंच म्हणाल्या. मी पान्हा फिरवत राहिलो.

पुढे ती भीती माझ्याच घरी आली. माझा थोरला मुलगा पावणेतीन वर्षांचा असताना असाच सुकून वारला होता. ते बीबीजींची नोकरी धरण्याआधी. मग बिंदर झाली. तीन वर्षांची होता होता तिचंही पोट फुगायला लागलं. माझी बायको छिंदो रोज सकाळी पोरीची पिंढरी चिमटीत धरून बघायची आणि माझ्याकडे बघायची.

बीबीजींनी बिंदरला इस्पितळात घेतलं, कुपी गिळवली, आणि मला यंत्रातून दाखवलं. निरोगी आतड्याला आतून बारीक बारीक बोटं असतात, उभ्या पिकासारखी. बिंदरचं आतडं म्हणजे कापणी झालेलं शेत. सपाट. "कणीक बंद," बीबीजी म्हणाल्या. सहा आठवडे पोर तिथं मका आणि तांदूळ खाऊन होती. आठ किलोंची साडेनऊ झाली. हसायला लागली, मला लाथा मारायला लागली. आम्ही तिला घरी आणली.

आणि महिन्याच्या आत ती पुन्हा उतरली. नऊ. मग साडेआठ.

बीबीजी आमच्या गावी आल्या, मुक्कामालाच. तवा नवा आणायला लावला. चक्कीवर गव्हाचं पीठ उडतं म्हणून मका घरच्या जात्यावर दळवला. छिंदोचा प्रत्येक डबा हुंगला. छिंदो भडकली. "बीबीजी, माझ्या चुलीत वाकून वाकून बघताय. मी काय माझ्याच पोरीला मारतेय?"

"तसं नाही गं. आज सकाळपासून तिनं काय काय खाल्लं ते सांग."

"गुरूघरी माथा टेकून आलो, मग मक्याची पेज. मग भात. बस्स."

दुसऱ्या दिवशीही तेच. त्या दिवशी बीबीजी अंगणात खाटेवर बसून म्हणाल्या, "वीरजी, कदाचित माझंच चुकलंय. कदाचित हे कणकेचं नाहीच. मग इतक्या आयांना मी काय सांगत फिरले? आणि बिंदरला आता काय देऊ?" बोलताना त्यांचे दात वाजत होते, आणि दिवस जेठाचे, अंगाची लाही होत होती. मला माझा मुलगा दिसायला लागला. शेवटच्या आठवड्यात तोही असाच भिंतीकडे तोंड करून निजायचा. बिंदर त्याच दिवशी पहिल्यांदा भिंतीकडे वळून निजली.

तिसऱ्या दिवशी संग्रांद होती, महिन्याचा पहिला दिवस. बीबीजी म्हणाल्या, मीही येते, मलाही मागायचंय. आम्ही सगळे गुरुद्वारात गेलो. अरदास, म्हणजे प्रार्थना, झाली. भाई निहालसिंग आमचे ग्रंथी, गुरुग्रंथ वाचणारे, पलटणीतून निवृत्त झालेले, आवाज असा की कबुतरं उडायची. प्रसाद वाटला. गरम, तूप सुटलेला. बिंदर बीबीजींच्या मांडीवर होती. त्यांनी ओंजळीतला प्रसाद कपाळाला लावला, त्यातला चिमूटभर घेतला आणि 'घे, पुत्तर' म्हणून बिंदरच्या तोंडात घातला. पोरीनं चिमणीच्या पिल्लासारखं आधीच तोंड उघडलं होतं. रोजची सवय असल्यासारखं.

बीबीजी तिथंच थिजल्या. आपल्या तुपाळ बोटांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी झटकन पोरीच्या तोंडात बोट घातलं, तो घास बाहेर काढला आणि स्वतःच्या तोंडात टाकला.

जमलेली सगळी संगत वळून बघायला लागली. मागून एक म्हातारी म्हणाली, "हाय रब्बा! गुरूचा प्रसाद पोराच्या तोंडातून ओढला!"

भाईजी पुढे आले. "बीबी, हे काय केलंत?"

"भाईजी, यात कणीक आहे."

"कणीक कुठली?" छिंदो किंचाळली. "तो प्रसाद आहे!"

"रोज देतेस तिला?"

"रोज! एकोणतीस दिवस. चाळीस दिवसांचा नवस बोललेय मी, ती बरी व्हावी म्हणून." तिनं पोरीला ओढून जवळ घेतलं. "आजारी आहे म्हणून तिला दुप्पट मिळतो, बीबीजी."

कुणी खोटं बोललं नव्हतं. पोळी म्हणजे पोळी आणि प्रसाद म्हणजे प्रसाद. बीबीजींनी शंभर गोष्टी विचारल्या, ही विचारली नाही, कारण त्यांच्याही मनात तो कणकेत मोडत नव्हता. आणि नवसाच्या प्रसादाची ती कणीक रोज चक्कीवरून आणून, परातीत घालून, डोक्यावर घेऊन, अनवाणी गुरुद्वारात नेत कोण होतं? मी. गडबडीत उठून उभा राहिलो होतो. मी खालीच बसलो.

भाई निहालसिंगही खाली बसले, सतरंजीवर, आमच्यात. कबुतरं उडवणारा तो माणूस हळू आवाजात म्हणाला, "दुप्पट द्या असं मीच सांगत होतो." त्यांनी बिंदरचं पोट बघितलं, काडीसारखा दंड बघितला. म्हातारी अजून पुटपुटत होती. भाईजी तिला म्हणाले, "ताई, तुला साखरेचा आजार झाला तेव्हा तुझ्या हातावर मी प्रसाद हरभऱ्याएवढाच ठेवायला लागलो. तेव्हा गुरू रागावला का?"

"माझी गोष्ट वेगळी."

"हिची आणखी वेगळी. पोर येईल, माथा टेकेल, ओंजळ धरेल, कपाळाला लावेल. खाईल तिची आई. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

छिंदोला नवस मोडायची भीती, बीबीजींना पोर हातची जायची भीती. उरलेले अकरा दिवस छिंदोनं दोघींचा वाटा खाल्ला. पोरीआधी तीच भरली. मी म्हणालो, नवस भलतीलाच पावला. तिनं लाटणं फेकून मारलं. पण पहिले पंधरा दिवस वजनाचा काटा हलला नाही, मी रोज जाऊन बघायचो. सोळाव्या दिवशी बिंदर भिंतीकडून आमच्याकडे वळून निजली. मी काटा बघायलाही गेलो नाही.

त्यानंतर बीबीजी कुठल्याही गावात गेल्या की आधी स्वतःची चूक सांगायच्या, अगदी आपलं ते बोट दाखवून. मगच विचारायच्या, "गुरूघरी जाता ना? ओंजळीत काय घेता?" मोठ्या मोठ्या डॉक्टरांच्या सभेतही म्हणे त्यांनी हेच सांगितलं. हसले लोक. त्याही हसल्या, आणि परतताना प्रत्येक ट्रकला डोळे मिटले.

दोन वर्षांपूर्वी बीबीजी गेल्या. त्यांच्या शेवटच्या अरदासीला बिंदर माझ्या शेजारी बसली होती, आता दोन लेकरांची आई, माझ्याहून उंच. तिच्या ओंजळीत प्रसाद आला. तिनं तो कपाळाला लावला आणि माझ्या हातावर ठेवला, गेली कितीतरी वर्षं ठेवते तसा.

मी मात्र तिच्या तोंडाकडेच बघत होतो. ती म्हणाली, "बापूजी, खा आता. नाही खाल्ला मी."