शिंगाची पट्टी

शहापूरच्या बाजारात चाकू-कोयत्यांना मुठी बसवणारा एक कारागीर आहे. बोलताना तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघतो. बाबांच्या घडीच्या चाकूच्या मुठीवर नवी पट्टी बसवायची होती. मला चकचकीत पितळ आवडलं.

"वापरनार कोन?" त्याने विचारलं.

"बाबा. हल्ली त्यांचा हात थरथरतो."

चाकू काढून घेतला तर ते दुखावतील आणि दिला तर कापून घेतील, ही धास्ती मला पोखरत होती.

त्याने हात ओला करून पितळ, शिसव, म्हशीचं शिंग एकेक आवळून पाहिलं.

"पितळ सटकतं. शिंग घ्या."

शिंग बसवल्यावर त्याने मला न विचारताच पात्याचं टोक घासून बोथट केलं.

"त्यांना सांगू नका," तो म्हणाला.

घरी बाबांनी टोकावरून अंगठा फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि चाकू मिटून खिशात टाकला.