झोपेत वाढणारे प्लॉट

ओवी, नील,

परवा राहुरीतल्या त्या बँकेची पाटी उतरवली. नीलने फोनवर विचारलं, "आजी, महागाई संपल्यावर बँक बुडते कशी? उलट सावरायला हवी ना?" त्याचं उत्तर म्हणजे आमचे शेजारी तात्या, त्या बँकेचे मॅनेजर. म्हणून आता लिहिते.

तात्या संध्याकाळी फिरायला निघाले की छत्रीच्या टोकाने मोकळे प्लॉट दाखवायचे. "वहिनी, हा बघा. झोपेतसुद्धा वाढतोय!"

"आणि कर्ज घेणारा कमावतो काय?" मी विचारायची.

"माणसाचं काय बघायचं? माणूस पळतो. जमीन कुठं जाते?"

कर्जही ते तसंच द्यायचे. दर मार्चअखेरीस तारण प्लॉटचा भाव नव्याने लावायचा, त्यावर वाढीव कर्ज मंजूर करायचं आणि त्यातूनच जुनं व्याज वळतं करून घ्यायचं. कागदावर सगळे वेळेवर फेडणारे! महागाई होती तोवर जमिनीचे भावही चढायचे, त्यामुळे फसलेलं कर्जही प्लॉट विकून वसूल व्हायचं. बँक फुगली, गावोगाव शाखा निघाल्या.

मग महागाई ओसरली. आम्ही बायका सुखावलो. प्लॉटचे भाव जागच्या जागी थांबले, व्याज मात्र चढतच राहिलं. पुढच्या मार्चअखेरीस वाढीव भाव लावता येईना. तेव्हा उघड झालं, की कित्येकांनी स्वतःच्या कमाईतून कधी हप्ता भरलाच नव्हता, आणि आता प्लॉट विकूनही कर्ज फिटेना. शेजारची लहानशी पतसंस्था पगार बघून थोडं थोडं कर्ज द्यायची. ती तरली.

रिझर्व्ह बँकेने ठेवीदारांना पैसे काढायला बंदी घातली, त्या सकाळी दूध घालणाऱ्या हौसाबाई तात्यांच्या दारात उभ्या राहिल्या. "तात्या, तुमी म्हनला म्हनून म्हशीचं पैसं तितं ठिवलं. मालकाचं हार्टचं आपरेशन हाय."

"हौसाबाई, माझेही तिथंच अडकलेत."

"तुमच्या छातीत दुखत न्हाई, तात्या."

ठेवीच्या विम्याचे पैसे मिळाले, पण हौसाबाईंचा नवरा गेल्यावर. तात्या दहाव्याला गेले. हौसाबाई एवढंच म्हणाल्या, "बसा." ते बसले नाहीत. त्यानंतर फिरायला निघालेच नाहीत. त्याच हिवाळ्यात तात्या वारले. खांदा द्यायला बँकेतलं कोणी आलं नाही.

तात्या छत्रीने दाखवायचे तो प्लॉट अजून मोकळाच आहे, बाभळी माजल्यात. हौसाबाई अजून आम्हाला दूध घालतात. पैसे रोजच्या रोज, रोख घेतात.