सोळा खेळाडूंचा ठराव

ग्लेनिस ट्रुइन ही गावोगावच्या क्लबांच्या फुटबॉल लीगची अध्यक्ष झाली तेव्हा तिने एक गोष्ट मनाशी पक्की केली: आधी विचारायचं, मग ठराव मांडायचा. तिच्या आधीच्या अध्यक्षाने कुणाला न विचारता सामने शुक्रवारी रात्री नेले होते आणि हंगाम संपायच्या आत त्याला गाशा गुंडाळावा लागला होता.

प्रश्न विराबलचा होता, तिच्या स्वतःच्या गावचा. गव्हाच्या त्या मुलखातली पोरं शहराकडे निघून गेलेली. फुटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, संघाला मैदानात अठरा जण लागतात आणि ते जमवताना विराबलच्या नाकी नऊ येत. आणखी एक हंगाम असाच गेला की क्लबला टाळं. ग्लेनिसचा तोडगा सोपा होता. ज्या दिवशी विराबलला माणसं कमी पडतील, त्या दिवशी समोरच्यांनीही सोळाच उतरवायचे.

इथल्या गावांतली माणसं बैठकीत तोंड उघडत नाहीत. शनिवारी मात्र मैदानाच्या कडेने गाड्या लावून बसतात, गोल झाला की हॉर्न वाजवतात आणि बोलायला लागली की थांबत नाहीत. म्हणून ग्लेनिस हिवाळाभर गावोगावच्या मैदानांवर गेली, कुणाच्याही गाडीचं दार उघडून शेजारी बसली आणि सॉसेज रोल खात ऐकत राहिली.

एका म्हातारीने सुनावलं, "आणि आमचे उरलेले दोघं कुठे बसवू? तुझ्या मांडीवर?"

ग्लेनिस पोटभर हसली. त्या दोघांना बदली खेळाडू म्हणून बाकावर बसवावं, असं तिने ठरावात घातलं. अशाने लीगमधले बाकीचे सातही क्लब राजी झाले.

सभेत भराभर हात वर आले. विरोधात एकच हात होता, लॉइड ट्रुइनचा. लॉइड म्हणजे विराबलचा प्रतिनिधी आणि ग्लेनिसचा नवरा. ठराव सहज मंजूर होत होता, तरी तिने तो मागे घेतला आणि तडक त्याच्या गाडीत जाऊन बसली.

"रोज समोर बसून जेवतोस. तेव्हा तोंड शिवलं होतं?"

"तू विचारलंस? सात गावं पालथी घातलीस. आम्हाला कुणी विचारलं?"

ग्लेनिसला मनापासून लाज वाटली. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ते हो म्हणणारच, असं तिने गृहीत धरलं होतं.

"बरं, आता विचारते. सांगा, ट्रुइनसाहेब."

"आमच्यासाठी म्हणून समोरच्यांनी दोन गडी कमी करायचे, म्हणजे दर शनिवारी आमच्यावर दया. पोरं असल्या सामन्याला उतरायची नाहीत. सोळा करायचे तर सगळ्यांना करा, सगळ्या सामन्यांत. मग हरलो तरी चालेल."

"म्हणजे मला परत सगळीकडे हिंडायला लावणार तू."

"हिंड. गाडी मी चालवतो."

दोघं मिळून हिंडले. लोकांनी कुरकुर केली, थट्टा केली आणि शेवटी माना डोलावल्या. नव्या हंगामाच्या पहिल्या शनिवारी सगळ्याच मैदानांवर सोळा-सोळा उतरले. विराबलने सपाटून मार खाल्ला, आणि लॉइड शीळ घालत घरी आला.