रोह्याच्या फाटकात चुकलेला निरोप

सर्व आप्तेष्टांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या घरातले सर्वांत धाकटे सदस्य काही दिवसांसाठी रोहा मुक्कामी जात आहेत. या काळात त्यांची चौकशी कोणीही करू नये; मालकांना रडू येते.

मालक म्हणजे मी. सदस्य म्हणजे आमचा कुत्रा. मेहुणीच्या मुलीचं लग्न नागपूरला, कुत्र्याला न्यायची सोय नाही. रोह्याचे एक गृहस्थ घराच्या आवारात कुत्री सांभाळायचे. फोनवर म्हणाले, "आधी एकदा तासभर ठेवून बघा. तुमचा न धुतलेला सदरा आणा, वासाला. आणि निघताना मागं बघायचं नाय."

माझी झोपच उडाली. हा कुत्रा आम्हाला जिते स्टेशनवर बाकाला बांधलेला सापडला होता. बांधणारा गाडीत बसून गेला, हा रुळांकडे बघत बसला. घरी आणल्यावरही कोणी चपला घातल्या की थरथरायचा. त्याला सावरलं ते आमच्या जुन्या रीतीनं. बाहेर पडताना "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं. रोज ऐकून त्याला खात्री पटली. "येतो" म्हटलं की तो निवांत पायपुसण्यावर आडवा व्हायचा.

तालमीच्या दिवशी पेणहून निघालो. बायकोला धीर देत होतो, "घाबरायचं काय त्यात?"

"नागोठणं आलं. अजून दुसऱ्या गिअरमध्येच आहात," ती म्हणाली.

फाटकात गृहस्थांच्या हाती दोरी दिली, सदरा दिला. कुत्रा माझ्या तोंडाकडे बघत होता, शब्दाची वाट पाहत. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. आणि तोंडातून निघालं, "बरं, जातो."

बायकोनं कपाळावर हात मारला. "अहो, काय बोललात हे!"

कुत्र्याचे कान पडले. निघता निघता मी मागे वळणार, तोच गृहस्थ ओरडले, "मागं बघायचं नाय!"

कोपऱ्यावरच्या टपरीत चहा मागवला. त्यावर साय धरली तरी घोट उतरेना. डोळ्यांपुढे तो जिते स्टेशनवरचा बाक. त्या माणसात आणि माझ्यात फरक काय उरला?

"उठा," बायको म्हणाली. "नीट म्हणून या."

धावलो. फाटक नुसतं लोटलेलं. अंगणात माझा सदरा पडलेला, कुत्रा नाही! नक्की रूळ शोधत गेला असणार. मी त्या गल्लीत "येतो रे! येतो!" असा बोंबलत सुटलो. लोक खिडक्यांत आले. येणारा कोण आणि कुणाकडे, कुणालाच कळेना.

फाटकाशी परत आलो, इतक्यात परसातून गृहस्थांची बायको आली. तिच्या हातात भाकरी, मागोमाग आमचा कुत्रा, मिशांना भाकरीचा चुरा. त्यानं माझं "येतो" ऐकलं, एकदा शेपटी हलवली आणि तिच्या पायरीवर निवांत आडवा झाला.

फाटकाला धरून मी हमसाहमशी रडू लागलो. बाईंनी कुत्र्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अवो, कुत्रा राहील, त्याची काळजी नाय. पण तुमाला कुठं ठेवायचं?"