आप्पांची बिनगिअरची गाडी

आप्पांच्या गाडीला नेहमीसारखे गिअर नव्हते. गिअरच्या डब्यात दोन पुल्या आणि त्यांच्यावर एक पोलादी पट्टा, एवढाच कारभार. पुल्या पसरतात, आवळतात, पट्टा वर-खाली सरकतो आणि गाडी झटका न देता वेग घेते. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये एकानं मला हे हाताच्या बोटांनी करून दाखवलं, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला की हे बिघडलं तर मला कळणार कसं? साध्या गाडीचा गिअर कुरकुरला की हाताला समजतं. इथं हाताला काही समजायचंच नाही.

घाबरणं हा माझा जुना स्वभाव. आठवीत शाळा सुटली आणि मामा मला गडहिंग्लजकडून इकडं बऱ्हाणपूरकडं घेऊन आला. तो इथल्या कागद कारखान्यात होता. मला कुठंतरी चिकटवून देतो म्हणाला आणि त्यानं मला केळीच्या ट्रकवर क्लीनर म्हणून चिकटवलं. पुढं मामा रिटायर होऊन गावी गेला. मी बऱ्हाणपुरातच राहिलो, ते आप्पांमुळं.

आप्पा आणि त्यांचे थोरले भाऊ अण्णा यांचं एकत्र घर शहरातल्या बुधवाऱ्यात आणि केळीच्या बागा बाहेर फोपनार गावाला. मी त्यांचा माल भरायला जायचो. एकदा बागेतच तापानं आडवा झालो. टायफॉइड निघाला. काकींनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, मला वरच्या खोलीत ठेवून घेतलं आणि रोज मुगाचं पाणी पाजलं. बरा झालो तेव्हा आप्पा म्हणाले, "आता कुठं जातो? राह्य इथंच." त्यांनीच मला गाडी शिकवली, लायसन काढून दिलं. मी त्या घरचा ड्रायव्हर झालो. तिशी उलटली तरी त्या घरात मी पोरगंच होतो आणि मला ते आवडायचं. आपल्या माणसांपासून इतक्या लांब कुणी आपल्याला पोरगं म्हणतं, याचं मला रोज नवल वाटायचं.

आप्पांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना क्लच दाबवेना. ड्रायव्हर असला तरी सकाळी बागेत स्वतः गाडी चालवत जायचं, हा त्यांचा हट्ट. म्हणून त्यांनी ही गाडी घ्यायची ठरवली. अण्णांचा साफ नकार होता. घरातला व्यवहार अण्णांच्या हाती. "बिनक्लचची गाडी घेऊन बागेत कुठं फिरतो?" ते म्हणाले. "बिघडली तर माझ्यापाशी येऊ नको." आप्पा त्यांच्या समोर आयुष्यात पहिल्यांदा अडून बसले आणि गाडी आली.

तिची सगळी देखभाल माझ्याकडं. वर्कशॉपवाल्यानं सांगितलेलं मी पाठ करून ठेवलं होतं. तिचं तेल वेगळं, दुसरं कुठलंही चालत नाही. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय मागचा-पुढचा गिअर टाकायचा नाही. चढावर रेस देऊन गाडी धरून ठेवायची नाही, ब्रेक लावायचा. उतारावर न्यूट्रल करायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बंद पडली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही. इंजिन बंद असलं की तेलाचा पंप बंद, पण चाकं फिरली की आतलं सगळं फिरतं, कोरडंच. क्रेनवाल्याला बोलवायचं आणि उचलून न्यायची.

आमच्याकडं हे शेवटचं सांगणं म्हणजे हसण्यावारी जाणार, हे मला ठाऊक होतं. इथं काहीही अडकलं की ट्रॅक्टरला साखळी लावतात. केळीचा ट्रक रुतला, साखळी. जीप सुरू होईना, साखळी. वरातीची बस नाल्यात बसली तरी नवरदेवाला आत ठेवूनच साखळी. मी घरात सगळ्यांना सांगत फिरलो, बागेतल्या ट्रॅक्टरवाल्यालाही सांगितलं. काकी म्हणाल्या, "तू गाडी सांभाळतो का तिचं बाळंतपण करतो?" आप्पा हसले, पण म्हणाले, "तू म्हणतो तसं. नाही ओढणार."

पुढं बहिणीचं लग्न ठरलं आणि मी गावी निघालो. गाडीचं तेल बदलायची वेळ जवळ आली होती. मागं कुरकुर नको म्हणून जायच्या आधीच बदलून घेतलं. आमच्या ओळखीचा एक मेकॅनिक होता, हुशार आणि तोंडाचा फटकळ. तेलाचा सीलबंद डबा मी स्वतः आणला, सील मी तोडलं, गाडी गरम करून तेलाची पातळी बघेपर्यंत मी बाजूला उभा होतो. तो म्हणाला, "लग्न बहिणीचं आहे का गाडीचं? जा ना आता."

परत आलो तेव्हा गाडीत नवी बॅटरी दिसली. आप्पा म्हणाले, "जुनी बसली होती, टाकून घेतली." मी नसताना त्यांना त्रास झाला, याचंच मला वाईट वाटलं. पण गाडी बाहेर काढली आणि काच खाली केली. गाडीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. रेस दिली की इंजिन ओरडायचं आणि गाडी मागून सावकाश यायची, जशी बोलावलेली नसताना येतेय.

तसाच मेकॅनिककडं गेलो आणि त्याच्यावर तुटून पडलो. त्यानं गिऱ्हाईकांसमोर सगळं ऐकून घेतलं. मग खालचा बोल्ट खोलून तेल काढलं. नवं तेल काळं पडलं होतं आणि जळका वास मारत होतं. बोल्टच्या चुंबकावर राखाडी चिखल बसला होता, पोलादाची पूड. तो म्हणाला, "हे माझ्या तेलाचं काम नाही. ही कुणीतरी कोरडी फिरवली आहे. ओढली का?"

"नाही," मी म्हणालो. "गाडी आप्पांकडंच होती."

"मग विचार ना आप्पाले."

"आप्पा मला सांगितल्याशिवाय राहतील?"

त्यानं हात पुसले आणि दुसऱ्या गाडीखाली गेला. मला त्याचा राग आला होता. स्वतःची चूक झाकायला हा माझ्या माणसावर घेतो, असं वाटलं. आणि चूक त्याची नसेल तर ती माझीच असणार. पातळी बघताना गाडी पुरेशी गरम झाली नसेल, तेल कमी पडलं असेल, मला नीट कळलं नसेल. आठवी शिकलेल्या माणसाला आपलं चुकलं हे पटायला फार वेळ लागत नाही.

कंपनीच्या वर्कशॉपनं सांगितलं की पट्टा आणि पुल्या गेल्या, गिअरबॉक्स बदलावा लागेल. हे अण्णांना सांगणं भाग होतं. ते ओसरीवर बशीतून चहा पीत होते. शेजारी खुर्चीत आप्पा, पाय स्टुलावर ठेवून. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "अण्णा, चूक माझी आहे. तेल बदलताना माझ्याकडून काहीतरी राहिलं असणार."

अण्णांनी बशी खाली ठेवली. "तू उभा होता ना तिथं?"

"होतो."

"मग कशाला उभा होता? वारा घ्यायला?" मग ते आप्पांकडं वळले. "मी बोललो होतो ना, ही गाडी आपल्या कामाची नाही?"

आप्पा खाली बघत होते. तसेच म्हणाले, "गाडीचा काय दोष त्याच्यात? पोराकडून झालं. मुद्दाम थोडी केलं त्यानं. जाऊ द्या."

मी अण्णांच्या पाया पडलो, मग आप्पांच्या. आप्पांनी पाठीवर हात ठेवला. संध्याकाळी ते मावा जलेबी घेऊन आले आणि पहिली मला दिली. मी वरच्या खोलीत जाऊन रडलो. एवढं नुकसान करूनही हे घर मला ठेवतंय, बाहेर काढत नाही, यापेक्षा जास्त कुणी काय करावं? त्या दिवशी माझ्याएवढा उपकृत माणूस बऱ्हाणपुरात दुसरा नसेल.

गाडी वर्कशॉपमध्ये पडून होती. मी जीप चालवत होतो. एकदा फोपनारला माल बघायला गेलो, तर बागेच्या बांधावर ट्रॅक्टरवाला बिडी ओढत बसला होता. म्हणाला, "काय भो, सुधारली का तुझी महाराणी?"

"अजून नाही."

"भलती जड रे ती. इथून नेता नेता माझ्या ट्रॅक्टरचं तोंड वर व्हायला लागलं होतं."

मला वाटलं तो गंमत करतोय. "कधी नेली तू?"

"तू लग्नाला गेला होता तेव्हा. आप्पा आत बसून गाणे ऐकत होते, बॅटरी बसली. मी म्हटलं, आप्पा, तो पोरगा ओढू नका म्हणतो ना. आप्पा म्हणे, चल रे, गाडी आहे, म्हैस थोडी आहे. पहिले झटका देऊन पाह्यला, सुरू होईना. मग न्यूट्रल करून नेली बुधवाऱ्यापर्यंत. स्टेरिंगवर आप्पाच होते." त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि बिडी विझवली. "तुले माहीत नव्हतं का? मले वाटलं तुले तर माहीत असेल. तू तर घरचाच आहे. आप्पा बाहेर बोलू नको म्हणे."

मी जीपमध्ये येऊन बसलो. आप्पांनी ओढली याचं मला काही वाटलं नाही, खरंच नाही. गुडघा दुखत असेल, ऊन असेल, क्रेनची वाट कोण बघत बसणार? मला आठवत होती ती ओसरी. मी माफी मागत होतो, तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. माझा हात त्यांच्या पायावर होता आणि त्यांचा माझ्या पाठीवर. आणि ती जलेबी. ती त्यांनी मला कशाबद्दल दिली, ते मला आता कळलं.

घरी आलो. आप्पा एकटेच होते. मी विचारलं, "आप्पा, गाडी ट्रॅक्टरनं आणली होती?"

ते गुडघा चोळत राहिले. "कोणी सांगितलं?"

"आणली होती ना?"

"बस जरा." मी बसलो नाही. मग ते हळू आवाजात म्हणाले, "अण्णाला काय सांगणार होतो मी? जन्मभर ऐकवलं असतं. तू आपला माणूस आहे. तुझ्यावर गेलं म्हणजे घरातल्या घरात राहिलं. तुला काही केलं का कोणी? काढलं का?"

"नाही काढलं."

"मग?"

मी एवढंच म्हणालो, की अण्णांना एकदा सांगा, माझ्याकडून झालं नाही म्हणून. बाकी काही नको. आप्पा म्हणाले, "सांगेल. वेळ पाहून सांगेल."

मी त्या वेळेची वाट बघत राहिलो. दोघं भाऊ जेवायला बसले की मी पाणी द्यायच्या निमित्तानं घुटमळायचो. बोलणं पावसावर जायचं, केळीच्या भावावर जायचं, रोपांवर जायचं. आप्पा माझ्याकडं बघायचे आणि भाकरी मोडायचे.

मग एक दिवस केळीचा एक व्यापारी ओसरीवर आला होता. त्यानं गाडी कुठं दिसत नाही म्हणून विचारलं. अण्णा माझ्याकडं हात करून म्हणाले, "या साहेबांनी बसवली. पण आम्ही काढलं नाही. लहानपणापासून आहे घरात." व्यापारी मला वरपासून खालपर्यंत बघून हसला. आप्पा शेजारीच होते. म्हणाले, "पोरगं चांगलं आहे. होते चूक माणसाकडून."

वेळ आली होती आणि त्यांनी ती अशी वापरली. मी जीपची चावी काकींच्या हातात दिली आणि खोलीतलं सामान बांधलं. काकींनी दारात अडवलं, काय झालं विचारलं. सांगितलं असतं तर त्यांचं आणि आप्पांचं काय झालं असतं, या विचारानं मी गप्प बसलो. म्हणजे तिथंही मी त्यांनाच सांभाळलं.

बऱ्हाणपुरात काम शोधलं, पण नाव माझ्याआधी पोचलं होतं. एका बियाणेवाल्यानं तर तोंडावर सांगितलं, "माझीपण गाडी ऑटोमॅटिक आहे रे बाबा, तू नको." मेकॅनिकला जाऊन भेटलो, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी तेव्हाच बोललो होतो," आणि चहा सांगितला. त्याच्याच ओळखीनं खकनारला एका शाळेची गाडी चालवायला मिळाली.

पुढं आप्पांचा फोन आला. गाडी नवा गिअरबॉक्स टाकून घरी आली होती. "अरे, याचं तेल कोणतं? नवा पोरगा काहीबाही सांगून राहिला."

मी तेलाचं नाव सांगितलं. डबा सीलबंद घ्या, गाडी गरम करून पातळी बघायला लावा, सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "आणि आप्पा, ओढू नका."

ते म्हणाले, "नाही ओढणार."

"अण्णा जवळ आहेत का?"

"हो, इथंच आहे."

"मग आत्ता सांगा ना त्यांना. मी ऐकतो."

फोनवर मला ओसरीवरचा पंखा ऐकू येत होता, अण्णांचं खोकणंही. मग आप्पा मोठ्यानं बोलले, शेजारच्याला ऐकू जाईल असं. "हो हो, बेटा. झालं ते झालं. तुझ्या मनात नको ठेवू. आम्ही तर केव्हाच माफ केलं. दिवाळीला ये."

दिवाळीला मी गेलो नाही. काकींनी खकनारला येणाऱ्या कुणाबरोबर फराळाचा डबा पाठवला. तो परत पाठवायचा असं ठरवून मी सकाळभर तसाच ठेवला होता. मग उघडला.