डाळिंबांचा पलंग

उदगिरात खाजामियाँ सुताराला सगळे उस्ताद म्हणत आणि तिथेच त्याचं डोकं फिरलं, असं त्याच्या बायकोचं, रहमतबीचं, ठाम मत होतं. साधी खुर्ची करायला सांगितली की याच्या कपाळाला आठी. खुर्ची असावी तर मोराची. कपाट असावं तर किल्ल्याच्या बुरुजासारखं, दार कुठून उघडतं ते धन्यालाही सापडू नये असं.

शेषेराव देशमुखांनी हौसेने मोराची खुर्ची करून घेतली. टेकून बसलं की चोच बरोबर मानेत रुतायची. देशमुखांनी खुर्ची दिवाणखान्यात मधोमध ठेवली, आल्यागेल्याला दाखवली आणि स्वतः शेजारच्या वेताच्या खुर्चीत बसत राहिले. वर म्हणाले, "बसायला दुसऱ्या हायेत की. ही बघायला हाय." हे खाजामियाँने गावभर सांगितलं, तेही छाती फुगवून. गिऱ्हाईक येडं की नवरा येडा, याचा निकाल रहमतबीला कधी लागला नाही.

उस्तादाच्या स्वतःच्या घरात मात्र एकच बाज होती. नवारीची, सरळ चार पायांची. रहमतबीच्या बापाने रेणापूरहून लग्नात दिलेली. खाजामियाँ तिला ढोर बांधायची लाकडं म्हणायचा आणि रोज दुपारी जेवून तिच्यावरच घोरायचा.

लेकीचं, वहिदाचं, लग्न गावातच ठरलं तेव्हा रहमतबीने नवऱ्याला बजावलं, की पोरीचा पलंग साधा कर, तिला रोज निजायचंय त्याच्यावर. पण जहेजचा, म्हणजे आंदणाचा, पलंग हमालांच्या डोक्यावरून भर बाजारातून जातो, तोही गादी न घालता, कारण लोकांना लाकूड दिसायला हवं. खाजामियाँने याचा फार खोल विचार केला. बाजारातल्या माड्यांच्या खिडक्यांतून बाया बघणार, म्हणजे त्यांना वरची बाजूच दिसणार. म्हणून त्याने निजायच्या फळ्यांवरच डाळिंबं कोरली. उकललेली, दाणे वर आलेली, वेलीला लगडलेली. असली अक्कल सुचायला उस्तादच व्हावं लागतं.

मिरवणुकीत बाजार थबकला. बाया खिडक्यांतून वाकल्या. खाजामियाँ पलंगामागून असा चालला, जणू नवरी तोच.

लग्नानंतरच्या जुमागीला, म्हणजे शुक्रवारी माहेरी जेवायला, वहिदा आली. बापाने पहिलं काय विचारलं, तर पलंग बघून लोक काय म्हणाले. लई तारीफ करतात, असं ती खोकत म्हणाली. समाधान पावून तो नमाजाला गेला. रहमतबी ताट वाढून आणते तो पोरगी बाजेवर गाढ झोपलेली. बिर्याणी निवली तरी तिला हलवायचं आईच्या जिवावर आलं.

उठल्यावर वहिदाने सगळं सांगितलं. डाळिंबं पाठीत टोचतात, आणि गादी घालावी तर सासू घालू देत नाही, नक्षी झाकते म्हणून. मोहल्ल्यातल्या बाया रोज बघायला येतात. नवराबायको दोघं शहाबादी फरशीवर चटई टाकून निजतात, अन् थंडी ही अशी. रहमतबीला सासूचा राग आलाच, पण त्या बाईला तरी काय बोलायचं? बघायची वस्तू दिली होती, ती बघत होती.

तिने गल्लीतून गाडीवाला बोलावला आणि बाज गाडीत चढवली. विहीणबाईंना निरोप दिला, की ही रेणापूरची बाज आहे, हिच्यात बघण्यासारखं काही नाही, पोरं हिच्यावर निजतील.

खाजामियाँ नमाज पढून परतला, तर त्याच्या डोळ्यांसमोर ती उघडीबोडकी बाज लेकीसोबत त्याच बाजाराकडे निघालेली. त्याची मान खाली गेली. लोक काय म्हणतील, उस्तादाच्या घरातून हे असलं? गाडी वळेपर्यंत तो बघत राहिला. मग त्याला खरा प्रश्न सुचला.

"और मैं काँ सोऊँ?"

घराला लागूनच्या त्याच्या कारखान्यात एका जमीनदारासाठी हंसाचा दिवाण तयार होत होता. पंख पसरलेले, पिसं न पिसं कोरलेली. रहमतबीने तिकडे बोट केलं.

"वो हंस है ना. उसपे सो जाव."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून उस्ताद कारखान्यात गेला. हंसाच्या पाठीवर त्याने हात फिरवला, एकदा तळव्याने दाबून पाहिलं, आणि खाली लाकडाच्या भुशावर आडवा झाला.