इंग्लिश पबातली माझी नोकरी

रेगेन्सबर्गला मी एका इंडियन हॉटेलात कुक होतो. कोल्हापूरचा माणूस, सातवी नापास, आणि जर्मन लोकांना गोड बटर चिकन करून घालायचो. दोन वर्षं बरी गेली. मग मालकानं हॉटेल विकलं. माझा व्हिसा त्या हॉटेलच्याच नावावर, म्हणजे हॉटेल गेलं की मीपण गेलो. फ्रिजला निदान नवा मालक मिळाला.

तीन महिन्यांत दुसरं काम शोधा, असं व्हिसाच्या ऑफिसातले म्हणाले. इकडं गावाकडं बायको वर्षभर जर्मनच्या क्लासला जात होती, कारण नवऱ्याकडं राहायला यायचं तर भाषेची परीक्षा द्यावी लागते. पुण्याला जाऊन पास झाली पण. आमच्या घरात परीक्षा पास झालेलं ते पहिलंच माणूस. तिचे कागद तयार होते, फक्त नवऱ्याला नोकरी पाहिजे होती.

आमच्या हॉटेलात जेवायला नाशिकचा एक इंजिनियर यायचा, कारच्या प्लँटमधला. तो म्हणाला, काका, गावात एक इंग्लिश पब आहे. मालक खरा इंग्लंडचा, शनिवारी करी ठेवतो, पण ती बरणीतली. त्याला कुक पाहिजे. तुम्ही पुढं जाऊन जेवायला बसा, मी एक वाजता येतो, मग बोलू.

लग्नातला शर्ट घालून मी शनिवारी बाराला हजर. आत लाकूडच लाकूड, खाली गालिचा, भिंतीवर बाण मारायची तबकडी. कोपऱ्यातलं टेबल धरून बसलो. जर्मनीत वेटर उशिरा का होईना येतोच, हे दोन वर्षांत शिकलो होतो. इथं कोण येईना. काउंटरमागून टकलू मालक अधूनमधून बघायचा. मला वाटलं, माणूस किती शांत आहे याची परीक्षा घेतोय. मग मी आणखी ताठ बसलो, आणि त्यानं बघितलं की हसायचो. असं तासभर हसलो.

इंजिनियर आला आणि कपाळाला हात लावला. "काका, इथं काउंटरवर जाऊन मागायचं असतं."

मालकानं नंतर सांगितलं, त्याला वाटलं मी थंडीचा आत येऊन बसलोय.

मग करी आली. पिवळी, त्यात बेदाणे, शेजारी अर्धा भात आणि अर्धे बटाट्याचे चिप्स. बिअर कोमट, वर फेस नाही. मी सगळं संपवलं आणि 'गुट', म्हणजे छान, म्हणालो. खोटं बोलायला शाळा लागत नाही. मालक म्हणाला, मग आत येऊन करून दाखव. मी चिकन केलं, कांदा नीट भाजून, खोबरं घालून. काउंटरवरच्या दोघा म्हाताऱ्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. मालकानं माझा हात असा दाबला की मी नंतर बोटं मोजून घेतली.

त्याच दिवशी मी बायकोला फोन करून सांगितलं, काम झालं. तिनं गल्लीत सांगितलं.

आता अर्ज. मालकानं तिथंच सही करून दिली, बाकीचं इंजिनियर भरत होता. कुठल्या प्रकारचं हॉटेल, असा रकाना आला. तो थांबला. म्हणाला, काका, नुसतं रेस्टॉरंट लिहू का? मला ते काही पटेना. आमच्याकडं पोरांची शाळा असो नाहीतर दारू, नावापुढं इंग्लिश लागलं की वजन येतं. मी म्हणालो, "लिही, अस्सल इंग्लिश पब. शंभर टक्के इंग्लिश. साहेब लोक बघू दे."

साहेब लोकांनी बघितलं. पत्र आलं ते इंजिनियरनं दोनदा मनात वाचलं, तेव्हाच मला कळलं. भारतीय कुकला भारतीय हॉटेलातच काम करता येतं, असा नियम. पब इंग्लिश आहे, हे अर्जदारानं स्वतःच लिहून दिलंय.

"नुसतं रेस्टॉरंट लिहिलं असतं तर झालं असतं का?" मी विचारलं.

"नसतं झालं, काका. चौकशी करतातच ते."

तो मनानं चांगला होता, म्हणून असं म्हणाला असेल. खरं काय, ते मी अजून ठरवू शकलो नाही.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग ह्या जर्मनचं मी काय करू?" मी म्हणालो, म्हशीशी बोल, तिला तरी नवीन काहीतरी ऐकायला मिळेल. एरवी ती अशा बोलण्यावर हसायची.

परतीच्या तिकिटाच्या आदल्या दिवशी दुपारी मी पबात गेलो. शनिवारच होता. पाटीवर करी लिहिलेली होती, आतून तोच बरणीचा वास येत होता. कोपऱ्यातल्या त्याच टेबलावर बसलो. आता ठाऊक होतं की इथं कोण विचारायला येत नाही. तरी थोडा वेळ बसून राहिलो. मालकानं बघितलं. ह्या वेळी मी हसलो नाही, तर तोच काउंटरमागून बाहेर आला आणि माझ्यासमोर ताट ठेवून गेला. मी बेदाणे तेवढे कडेला काढले.